कोल्हापूरचे प्रकरण व वेडाची व्याख्या

कोल्हापुरातील मंगळवार पेठ ही तालमींची आणि मोकळ्या बोलीची पेठ. या बोलीत 'खुळा' या एका शब्दाला जितके अर्थ आहेत तितके कोणत्याही वैद्यकीय कोशात सापडावयाचे नाहीत. भोळ्या माणसास खुळा म्हणतात, हट्टी माणसासही खुळाच म्हणतात. कुस्तीच्या नादाने घरदार विसरणारा खुळा, आणि ज्याचे भान खरोखरच सुटले आहे तोही खुळाच. इतकेच नव्हे, तर एखाद्या गोष्टीची पराकाष्ठेची वाहवा करावयाची झाल्यास 'नाद खुळा' असे म्हणून याच शब्दास मानाचे पान वाढतात. बोलणाऱ्याच्या स्वरावरून आणि परस्परांच्या नात्यावरून अर्थ आपोआप ठरतो व सहसा कोणाची फसगत होत नाही. परंतु हाच शब्द कट्ट्यावरून उठून कचेरीत गेला आणि त्याखाली सही-शिक्का झाला, म्हणजे त्याचे स्वरूप पालटते. मग ते वर्णन राहत नाही. तो हुकूम होतो. ज्याच्याविषयी तो निघाला, त्याच्या बोलण्याला, मिळकतीला, प्रसंगी त्याच्या देहालाही त्याची मर्यादा पडते.

मनाच्या विकारांचे वर्गीकरण करणे हे वैद्यकाचे काम आहे, अशी आपली समजूत असते व ती बऱ्याच अंशी बरोबरही आहे. परंतु त्या वर्गीकरणात असे काही प्रश्न दडलेले आहेत की जे नुसत्या वैद्यकाने सुटत नाहीत. ते प्रश्न समजून घेण्यासाठी परदेशाच्या इतिहासात शिरण्याचे कारण नाही. मंगळवार पेठेपासून जवळच जो जुना राजवाडा आहे, तेथल्या गादीवरच एकेकाळी हा प्रसंग गुदरला होता.

कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज विलायतेहून परत येत असता ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी वारले. त्यांच्यामागे १८७१ साली नारायणराव या मुलास दत्तक घेऊन गादीवर बसविण्यात आले. तेच चौथे शिवाजी महाराज. त्यांचा जन्म १८६३ सालचा. म्हणजे गादीवर आले तेव्हा ते आठ वर्षांचे होते. कारभार अर्थातच इतरांच्या हाती होता. राव बहादूर बर्वे हे कारभारी होते आणि महाराजांचे शिक्षण व दिनक्रम यांवर इंग्रज अधिकाऱ्यांची देखरेख असे. पुढे महाराजांच्या बुद्धीस भ्रम झाला आहे असे सांगण्यात येऊ लागले. आणि त्याबरोबरच, महाराजांचा छळ होत आहे व भ्रमाच्या नावाखाली दुसरेच काही शिजत आहे, अशी कुजबुजही सुरू झाली.

'केसरी' व 'मराठा' ही पत्रे १८८१ च्या जानेवारीत निघाली होती. टिळक आणि आगरकर हे दोघेही तेव्हा ऐन पंचविशीत होते. त्यांनी हे प्रकरण हाती घेतले आणि महाराजांच्या हालअपेष्टांस बर्वे जबाबदार आहेत असा उघड आरोप केला. पुराव्यादाखल म्हणून जी पत्रे पुढे आली होती ती न्यायासनापुढे टिकली नाहीत. ती बनावट ठरली. दोघांनी दिलगिरी प्रकट केली, तरीही १७ जुलै १८८२ रोजी त्यांस चार महिन्यांच्या कैदेची शिक्षा झाली. ती त्यांनी मुंबईस डोंगरीच्या तुरुंगात भोगली व २६ ऑक्टोबर रोजी, एकशे एक दिवसांनी, त्यांची सुटका झाली. त्याच १८८२ साली कोल्हापुरात कागलचे जयसिंगराव घाटगे यांस रीजंट नेमण्यात आले. महाराजांस अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथे ठेवण्यात आले. तेथे देखरेखीस असलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत २५ डिसेंबर १८८३ रोजी त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. १८८४ च्या मार्चमध्ये जयसिंगरावांचे चिरंजीव यशवंतराव दत्तक आले. शाहू महाराज या नावाने त्यांनी पुढे जे कार्य केले ते सर्वश्रुत आहे. १८९४ च्या एप्रिलमध्ये त्यांस मुखत्यारी मिळाली, तेव्हा राजाराम महाराजांच्या निधनानंतर प्रथमच राज्याची सूत्रे छत्रपतींच्या स्वतःच्या हाती आली.

या हकीकतीकडे आजवर बहुधा राजकारणाच्या दृष्टीने किंवा वृत्तपत्रांच्या इतिहासाच्या दृष्टीने पाहण्यात आले आहे. टिळक-आगरकरांचा पहिला तुरुंगवास म्हणून ती शाळेतल्या पुस्तकातही येते. परंतु ज्याच्यावरून हे सर्व रामायण घडले, तो वीस वर्षांचा तरुण या हकीकतीत कोठे आहे? तो बोलतो आहे असे एकदाही ऐकू येत नाही. सरकार त्याच्याविषयी बोलते, कारभारी बोलतात, संपादक बोलतात. वैद्य, वकील, न्यायमूर्ती सारे बोलतात. ज्याच्या मनाविषयी वाद, त्याचे मन मात्र साक्षीस येत नाही. कारण त्याची साक्ष ग्राह्य की अग्राह्य, हाच तर वादाचा विषय! वेडाच्या निर्णयातील पहिली अडचण ही येथेच आहे. इतर कोणत्याही रोगात रोग्याचे म्हणणे हा पुरावा असतो. पोट दुखते असे रोगी म्हणाला म्हणजे वैद्य तेथून आरंभ करतो. या एका रोगात मात्र रोग्याचे म्हणणे हाच रोगाचा पुरावा मानला जाण्याचा संभव असतो. तो संतापला तर ते लक्षण. गप्प बसला तर तेही लक्षण. आणि 'मी वेडा नाही' असे निक्षून सांगू लागला, तर ते सर्वांत मोठे लक्षण!

दुसरी गोष्ट अशी की, या वादात दोन्ही पक्षांच्या मनात एक समजूत समान होती. एक पक्ष म्हणे, महाराजांना वेड लागले आहे, तेव्हा छळाची हाकाटी खोटी. दुसरा पक्ष म्हणे, महाराजांचा छळ होत आहे, तेव्हा वेडाची हाकाटी खोटी. जणू काय छळ आणि वेड या दोन गोष्टी एका ठिकाणी नांदूच शकत नाहीत! परंतु थोडा विचार केला तर असे दिसून येईल की, या दोन गोष्टींचा परस्परांशी विरोध नाही. छळामुळे वेड लागू शकते. वेड लागलेल्या माणसाचा छळ होऊ शकतो, किंबहुना तो अधिकच सुलभ होतो. आणि ज्याचे मन पूर्ण शाबूत आहे त्यालाही छळाच्या खोट्या शंका येऊ शकतात. कोणती अवस्था आहे हे एक. ती कशामुळे आली हे दुसरे. आणि ती आली म्हणून त्या माणसाचे काय करावयाचे हे तिसरे. या तीन प्रश्नांना तीन स्वतंत्र उत्तरे हवीत. 'वेडा' हा शब्द या तिन्हींवर एकदमच झाकण घालतो, आणि त्यातच त्याचा धोका आहे.

आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकाचे भाषांतर हाती घेतले होते व ते 'विकारविलसित' या नावाने १८८३ साली प्रसिद्ध झाले. तरुण राजपुत्र, त्याच्या घरात झालेला अन्याय, आणि त्याचे वेड खरे की घेतलेले याची दरबाराला पडलेली विवंचना, हा त्या नाटकाचा विषय. हॅम्लेटवर अन्याय झाला होता म्हणून त्याचे चित्त ठिकाणावर होते असे सिद्ध होत नाही. आणि त्याचे चित्त ठिकाणावर नव्हते म्हणून अन्याय झाला नव्हता असेही नाही. नाटकाच्या प्रेक्षकास जे सहज कळते, ते कचेरीतील निर्णय करणाऱ्यास कळणे अवघड जाते. कारण प्रेक्षकाला निर्णय द्यावयाचा नसतो.

आमच्या जुन्या वैद्यकाने या बाबतीत काय केले, हे येथे पाहण्यासारखे आहे. चरकाने उन्मादाचे पाच प्रकार मानले: वात, पित्त व कफ यांच्या प्रकोपाने होणारे तीन, तिन्ही दोष एकत्र येऊन होणारा चौथा, आणि बाहेरून येणारा म्हणजे आगंतुक हा पाचवा. सुश्रुताने तर मनाच्या दुःखाने होणारा आणि विषाने होणारा असे दोन प्रकार स्वतंत्रपणे मोजले आहेत. हे वर्गीकरण कारणांवर उभारलेले आहे. त्यातील दोषांची उपपत्ती आज शास्त्राला मान्य नसली, तरी 'दुःखाने होणारा उन्माद' असा वर्ग मानण्यात एक शहाणपण आहे: रोग खरा आणि त्याला कारण झालेले दुःखही खरे. उन्माद म्हणजे काय हे सांगताना चरकाने मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार या आठांचा विभ्रम असे म्हटले आहे. यातील स्मृती किंवा संज्ञा यांचा बिघाड पुष्कळसा तपासून पाहता येतो. परंतु भक्ती, शील व आचार बिघडले की नाही हे कोणत्या मापाने ठरवावे? तेथे माप समाजाचे असते. एका घराण्यातील आचार दुसऱ्या घराण्यात अनाचार ठरतो. वर्णन आणि मूल्य यांची ही सरमिसळ तेव्हापासून आजपर्यंत चालत आली आहे.

महाराजांचा अंत झाला त्याच १८८३ साली जर्मनीत एमिल क्रेपेलिन या तरुण वैद्याने मानसरोगांवरील आपल्या ग्रंथाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. पुढे त्याने रोगाचे नाव एका दिवसाच्या लक्षणांवरून न ठरविता, वर्षानुवर्षे तो कोणत्या वाटेने जातो यावरून ठरवावे, असा मार्ग धरला. आणि १८९९ च्या सहाव्या आवृत्तीत दोन मोठे वर्ग वेगळे केले. एकात मन उत्तरोत्तर क्षीण होत जाते. दुसऱ्यात उन्माद व खिन्नता यांचे झटके येतात आणि मधल्या काळात माणूस पूर्ववत होतो. पहिल्या वर्गास १९०८ साली ब्लॉयलर या स्विस वैद्याने जे नाव दिले, त्यालाच आज आपण छिन्नमनस्कता म्हणतो. यातून निघणारा अर्थ लक्षात घ्यावा. १८८२ साली महाराजांच्या मनाचा निर्णय ज्यांनी केला, त्यांच्याजवळ हे भेदच नव्हते. हा तरुण काही महिन्यांनी पुन्हा शुद्धीवर येईल काय, हा राज्याच्या दृष्टीनेही सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. परंतु तो नीट विचारण्यापुरतेही शास्त्र त्या वेळी तयार झालेले नव्हते. निर्णय मात्र झाला, कारण राज्याला निर्णय हवा होता. शास्त्र थांबू शकते. कचेरीला थांबता येत नाही.

यावर कोणी म्हणेल की, आता शास्त्र पुढे गेले आहे, तेव्हा हा प्रश्न उरला नाही. शास्त्र पुढे गेले हे खरे. प्रश्न मात्र मिटला नाही. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत असे आढळले की, त्याच त्या रोग्यांची चित्रफीत पाहून अमेरिकन वैद्य ज्यांना छिन्नमनस्क म्हणत, त्यांतील कित्येकांना इंग्रज वैद्य निराळेच नाव देत. रोगी तोच, समुद्र ओलांडला की रोग बदले! यावर उपाय म्हणून अमेरिकेतील मानसवैद्यांच्या संघटनेने १९८० साली आपल्या सूचीची तिसरी आवृत्ती काढताना प्रत्येक रोगाची लक्षणे मोजून लिहिली. खिन्नतेच्या रोगाला नऊ लक्षणांपैकी निदान पाच हवीत, आणि ती दोन आठवडे टिकलेली हवीत. यामुळे दोन वैद्यांचे एकमत होणे सोपे झाले, हा लाभ मोठा आहे. परंतु एकमत म्हणजे सत्य नव्हे. पाचच का, चार का नव्हेत? चौदा दिवस का, वीस का नव्हेत? ही रेघ निसर्गाने ओढलेली नाही. ती माणसांनी सोयीसाठी आखली आहे. घरात मृत्यू झाल्यावर येणारी खिन्नता पूर्वी या मोजणीतून वगळीत असत. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ती सूट काढून टाकली. शोकाचे रूपांतर रोगात केव्हा होते, हा प्रश्न वैद्यकाचा जितका आहे तितकाच तो प्रत्येक घराचा आहे.

शिवाय रेघ आखणाऱ्याचा हेतू नेहमी निर्मळच असतो असे नाही. १८५१ साली अमेरिकेत कार्टराइट नावाच्या डॉक्टराने, गुलाम मालकापासून पळून जातात तो एक मनाचा रोगच आहे असे प्रतिपादन करून त्याला भारदस्त ग्रीक नाव दिले होते. रशियात सोव्हिएट राजवटीत सरकारविरुद्ध बोलणाऱ्यांना 'सावकाश वाढणारी छिन्नमनस्कता' आहे असे ठरवून रुग्णालयात कोंडीत असत. समलिंगी आकर्षण हे अमेरिकन सूचीत १९७३ पर्यंत विकार म्हणून नोंदलेले होते. त्या साली संघटनेने ते काढून टाकले. ज्या ठरावाने एका दिवसात असंख्य माणसे 'बरी' झाली, त्यांना आदल्या दिवशी कोणता रोग होता?

अशा उदाहरणांवरून टॉमस झाझ याने १९६१ साली असा सिद्धांत मांडला की, मानसिक रोग ही मुळात एक कल्पितकथाच आहे. हा सिद्धांत ऐकावयास धीट वाटला तरी आम्हांस तो मान्य होण्यासारखा नाही. ज्या घरातील मुलाने महिनोन्महिने अन्न सोडले आहे, ज्याला नसलेले आवाज रात्रंदिवस धमकावीत आहेत, त्या घराला 'हे सारे कल्पित आहे' असे सांगणे क्रूरपणाचे होईल. नाव मिळाले नाही तर औषधही मिळत नाही. शिवाय नाव नसेल तेथे ती जागा रिकामी राहत नाही. तेथे करणी, बाहेरची बाधा किंवा 'याचे मुळातच वळण वाईट' अशी दुसरी नावे येऊन बसतात. जेरोम वेकफील्ड याने १९९२ साली मधला मार्ग सुचविला: मनाच्या एखाद्या नैसर्गिक यंत्रणेत बिघाड असावा, आणि त्या बिघाडाने माणसाचे अहित होत असावे, दोन्ही असतील तरच त्याला विकार म्हणावे. यातील पहिला भाग शास्त्राने सांगावयाचा, दुसरा समाजाने. विचार सुबक आहे. तथापि मनाची नैसर्गिक यंत्रणा म्हणजे काय, हेच अद्याप पुरते उलगडलेले नसल्याने पहिल्या भागातही समाजाचे माप हळूच शिरते.

दगडांचे किंवा वनस्पतींचे वर्गीकरण आणि माणसांचे वर्गीकरण यांत आणखी एक मूलभूत भेद आहे. तो कॅनडाचे तत्त्वज्ञ इयन हॅकिंग यांनी चांगला विशद केला आहे. दगडाला आपण कोणते नाव दिले हे दगडास कळत नाही. माणसास ते कळते. 'हा वेडा आहे' असे ठरले की त्याच्याशी सर्वांचे वागणे बदलते. त्यांचे वागणे बदलले की त्याचेही बदलते. आणि मग त्या बदललेल्या वागण्याने मूळ नाव खरे ठरते. आपल्या गावापासून दूर, परक्या पहारेकऱ्याच्या नजरेखाली ठेवलेला वीस वर्षांचा तरुण शांत राहील अशी अपेक्षा कोणी करावी? आणि तो शांत राहिला नाही, तर ते त्याच्या रोगाचे फळ की त्या नजरेचे, हे कोणी वेगळे करून दाखवावे?

म्हणून खरा तोडगा अधिक बिनचूक नाव शोधण्यात जितका आहे, त्याहून अधिक तो नाव आणि अधिकार यांची फारकत करण्यात आहे. हिंदुस्थानात १८५८ साली वेड्यांविषयी जे कायदे झाले आणि नंतर १९१२ साली जो झाला, त्यांचा मुख्य रोख मिळकतीची व्यवस्था आणि माणसाला अटकावून ठेवणे यांवर होता. रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ चे आणि ठाण्याचे १९०१ चे. या मोठ्या भिंती त्याच काळात उभ्या राहिल्या, आणि 'ठाण्याला पाठवा' ही थट्टा मराठी घरांत तेव्हापासून मुरली. १९८७ च्या कायद्याने भाषा सौम्य केली. परंतु खरा पालट झाला तो २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो २०१८ साली अमलात आला. त्याच्या तिसऱ्या कलमात असे सांगितले आहे की, मानसिक आजाराचे निदान मान्यताप्राप्त वैद्यकीय मानकांनुसारच व्हावे. माणसाचा राजकीय, आर्थिक वा सामाजिक दर्जा हे त्याचे कारण असता कामा नये. समाजाची नीती, चालीरीती किंवा धर्ममते यांस कोणी जुळवून घेत नाही, एवढ्यावरून त्याला आजारी ठरवू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आजाराचे निदान झाले एवढ्यानेच तो मनुष्य विकलमनस्क आहे असे समजावयाचे नाही. ते ठरविण्याचा अधिकार न्यायालयाचा.

या कलमातील प्रत्येक वाक्य कोल्हापूरच्या प्रकरणाला लावून पाहावे. राजकीय दर्जा हे निदानाचे कारण होता कामा नये, असे कायदा म्हणतो. आणि ज्याच्या निदानावर एका संस्थानाची सत्ता अवलंबून होती, त्याचे निदान राजकीय हितसंबंधांपासून अलिप्त राहणे किती दुष्कर होते! बर्वे निर्दोष असतील, वैद्य प्रामाणिक असतील. तरी ज्या हातांत कारभार होता त्याच बाजूने निर्णयही यावा, ही रचनाच सदोष होती. न्यायाधीश कितीही सचोटीचा असला तरी आपल्याच घरच्या खटल्यात त्याला आपण बसवीत नाही. तेथे त्याच्या सचोटीवर अविश्वास नसतो; प्रश्न व्यवस्थेचा असतो.

राजाचे प्रकरण इतिहासात नोंदले गेले. परंतु तसाच निर्णय लहान प्रमाणावर सामान्य घरांतही होत असतो. वाटणीच्या वेळी एक भाऊ 'त्याचे डोके ठिकाणावर नाही' असे म्हणतो. सासरी न रमलेल्या सुनेला 'डोक्यावर परिणाम झालाय' असे ठरवून माहेरी पोचविले जाते. म्हाताऱ्या आईच्या विसरभोळेपणाचा उपयोग तिच्या सहीसाठी केला जातो. या माणसांपैकी काही खरोखरच आजारी असतात, आणि त्यांना उपचार मिळालाच पाहिजे. तो टाळणे हाही अन्यायच. परंतु ज्या घरात असा प्रसंग येईल, त्या घरातील सुशिक्षितांनी तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत: याला काय होत आहे, ते कशाने होत आहे, आणि त्यावरून याचे कोणते हक्क कोण काढून घेत आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर वैद्याकडून घ्यावे. दुसऱ्याचे उत्तर वैद्याबरोबरच घरातील सर्वांनी स्वतःकडे पाहून शोधावे. तिसऱ्याचे उत्तर ज्याला त्यापासून लाभ आहे त्याच्याकडून कधीही घेऊ नये. आणि चौथी गोष्ट, जी १८८२ साली कोणी केल्याचे दिसत नाही: त्या माणसाला स्वतःला काय म्हणावयाचे आहे, ते पूर्ण ऐकून घ्यावे, ते विसंगत वाटले तरी ऐकावे, आणि त्यात काही खरे असेल या बुद्धीने ऐकावे.